संथ चालणारी हायब्रिड विद्युत नाव: विदर्भातल्या जलाशयांसाठी आराखडा कसा करावा

गोसीखुर्दच्या बुडीत क्षेत्रात, अंभोऱ्याच्या संगमावर किंवा नवेगावबांधसारख्या जुन्या तलावात प्रवासी नाव चालवायची ठरली की चर्चा बहुधा इंजिनापासून सुरू होते. किती एचपीचे, कोणत्या कंपनीचे, किती लिटर पेट्रोल पिणारे, हे प्रश्न आधी येतात आणि नाव कोणत्या वेगाने, किती वेळ, किती माणसे घेऊन जाणार हा प्रश्न शेवटी येतो. विद्युत नावेच्या बाबतीत हा क्रम उलटा करावा लागतो, कारण तिची बॅटरी, तिचे सौर पॅनेल, तिचा जनरेटर आणि तिचा खर्च हे सारे वेगावरून ठरते. या लेखात २४ प्रवासी आणि २ कर्मचारी वाहून नेणाऱ्या, ताशी ८ किलोमीटर वेगाने चालणाऱ्या हायब्रिड नावेचा, म्हणजे बॅटरी, सौर पॅनेल आणि जोडीला जनरेटर असलेल्या विद्युत नावेचा, आराखडा पायरीपायरीने मांडला आहे. आकडे हिशेबाने काढलेले आहेत. आपली नाव वेगळ्या मापाची असल्यास आकडे बदलतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

पहिली पायरी: वेग आणि वेळापत्रक

पाणी बाजूला सारत चालणाऱ्या प्रत्येक नावेला तिच्या लांबीने घातलेली एक मर्यादा असते. पाण्याच्या रेषेवरील लांबी मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ४.५ ने गुणावे, म्हणजे ताशी किलोमीटरमध्ये तो वेग मिळतो, ज्याच्या जवळ पोहोचताच नाव स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढू लागते. १० मीटर लांबीच्या नावेसाठी हा वेग सुमारे १४ किलोमीटर येतो. त्याच्या ५५ ते ६० टक्के वेगात, म्हणजे ८ किलोमीटरच्या आसपास, लाट फारशी उठत नाही आणि नावेला मुख्यतः पाण्याच्या घर्षणाशीच झुंजावे लागते.

घर्षणाच्या टप्प्यातही लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दीडपट केला की शक्ती सव्वातीनपटीहून अधिक लागते. आपल्या नमुन्याच्या नावेला शांत पाण्यात ८ किलोमीटरसाठी बॅटरीतून सुमारे २ किलोवॅट घ्यावे लागतील, तर १२ किलोमीटरसाठी सुमारे ७ किलोवॅट. दर किलोमीटरचा हिशेब केला तर पहिल्या वेगात पाव युनिट आणि दुसऱ्या वेगात अर्ध्या युनिटाहून अधिक वीज जाते. दर ४ किलोमीटरमागे या घाईने वाचतात फक्त १० मिनिटे. जलविहारासाठी निघालेल्या प्रवाशाला या १० मिनिटांची गरज नसते, आणि काठाने पोहणाऱ्या पाखरांना, ढिवर बांधवांनी टाकलेल्या जाळ्यांना लाट न लागणे हा लाभ वेगळाच.

म्हणून आधी कागदावर वेळापत्रक लिहावे: दिवसाला सव्वा तासाच्या ४ फेऱ्या, म्हणजे ५ तास चालणे, दोन फेऱ्यांमध्ये अर्धा तास थांबा, सोमवारी विश्रांती. पुढचा सगळा हिशेब याच कागदावर उभा राहतो.

दुसरी पायरी: हलचा आकार आणि वजनाचा ताळेबंद

पाण्यात बुडणाऱ्या अंगाला जहाजबांधणीत हल म्हणतात. संथ प्रवासी नावेसाठी दोन सडपातळ हल शेजारी-शेजारी जोडून वर सपाट डेक टाकण्याची रचना, म्हणजे कॅटामरान, मी निःसंकोचपणे सुचवतो. केरळात वैक्कम ते तवणकडव या मार्गावर २०१७ पासून चालणारी ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौर फेरी याच रचनेची आहे. २० मीटर लांबीच्या त्या नावेच्या छतावर २० किलोवॅटचे पॅनेल आहेत. लांब आणि अरुंद हल कमी लाट उठवतो, रुंद डेकमुळे छताला भरपूर जागा मिळते आणि स्थैर्य वाढते. आपल्या नावेसाठी प्रत्येक हल १० मीटर लांब, पाण्याच्या रेषेवर ७५ सेंटीमीटर रुंद, पूर्ण भारात ४५ सेंटीमीटर बुडणारा, आणि दोन्ही हलच्या मध्यरेषांमध्ये २.२ मीटर अंतर असे माप धरू.

आता वजन मांडावे. फायबरचे हल आणि डेक १,४०० किलो, अॅल्युमिनियमची छताची चौकट १८०, सौर पॅनेल २२५, बॅटरी २००, दोन मोटारी ६०, जनरेटर व इंधन १२०, आसने, लाइफ जॅकेट, नांगर आणि दोर २००, आणि २६ माणसे प्रत्येकी ७५ किलो धरून १,९५०. एकूण ४,३३५ किलो. त्यावर १६५ किलो राखीव ठेवून आराखडा साडेचार टनांचा धरावा. ही राखीव जागा रिकाम्या नावेच्या वजनाच्या ७ टक्केच आहे, आणि बांधकामात फायबरचे थर जाड होणे, फळ्या ओल्या लागणे यात ती सहज खर्ची पडते. म्हणून प्रत्येक मोठा भाग बसवण्यापूर्वी वजन करून वहीत लिहावा. या नावेचे पाण्यावरचे क्षेत्रफळ सुमारे १२ चौरस मीटर आहे, त्यामुळे दर १२० किलोमागे ती १ सेंटीमीटर अधिक बुडते. हलच्या बाहेर रंगवलेली भाररेषा हे ओझे कोणालाही दाखवून देते.

स्थैर्याचा हिशेब मात्र भाररेषेवर सोडून चालत नाही. सारस किंवा सूर्यास्त दिसला की सगळे प्रवासी एका बाजूला धावतात, हे गृहीतच धरावे. २४ माणसे सरासरी ८० सेंटीमीटर सरकली तर नावेला कलवणारा १,४४० किलोग्रॅम-मीटरचा (वजन गुणिले सरकलेले अंतर) जोर निर्माण होतो. वरील कॅटामरान त्यामुळे साधारण ८ अंश कलेल. तेवढ्याच वजनाची, २.६ मीटर रुंदीची एक-हली नाव १४ अंशांच्या आसपास कलेल, आणि तेवढ्या कलात माणसे आसनावरून घसरतात, घसरल्याने कल आणखी वाढतो. छतावरचे पॅनेल नावेचा गुरुत्वमध्य सुमारे ७ सेंटीमीटर वर नेतात. तो तोटा भरून काढण्यासाठी बॅटरी हलच्या तळाशी ठेवावी. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये वरुड तालुक्यात वर्धा नदीत नाव उलटून ११ जण गेले, हे विदर्भ विसरलेला नाही. कलाची प्रत्यक्ष चाचणी, म्हणजे डेकवर मोजलेल्या वजनाच्या वाळूच्या गोण्या एका बाजूला सरकवून लंबकाने कल मोजणे, ही कागदी हिशेबानंतर केलीच पाहिजे, आणि ती नौकास्थापत्याचे शिक्षण घेतलेल्या अभियंत्याच्या देखरेखीखाली करावी.

प्रत्येक हलमध्ये किमान ४ जलरोधक कप्पे करावेत आणि टोकांच्या कप्प्यांत बंद पेशींचा फोम भरावा.

तिसरी पायरी: लागणारी शक्ती मोजणे

ही पायरी अनेक जण गाळतात आणि दुकानदार सांगेल ती मोटार घेतात. वास्तविक ती फारशा खर्चाशिवाय करता येते. जवळपास त्याच लांबीची आणि आकाराची नाव मिळत असेल, तर तिच्यात गोण्या भरून नियोजित वजन करावे आणि इंजिनाच्या दुसऱ्या नावेने ती ओढावी. दोर किमान २५ ते ३० मीटर ठेवावा, नाहीतर ओढणाऱ्या नावेच्या पंख्याचा (प्रोपेलरचा) प्रवाह मागच्या नावेला लागतो. दोराच्या मध्ये धान किंवा कापूस तोलायचा लटकता डिजिटल काटा बांधावा आणि मोबाइलच्या जीपीएसवर वेग पाहत ५, ६, ७, ८, ९ आणि १० किलोमीटरला काट्यावरचे किलो लिहून घ्यावेत. वारा नसलेल्या सकाळी, दोन्ही दिशांनी हे करून सरासरी घ्यावी.

काट्यावरचे किलो गुणिले ९.८, गुणिले वेग मीटर प्रति सेकंदात, बरोबर वॅट. आमच्या नमुन्यात ८ किलोमीटरला, म्हणजे सेकंदाला २.२२ मीटर वेगाने, सुमारे ३२ किलो ओढ अपेक्षित आहे. त्यातून जवळपास ७०० वॅट येतात. पण पंखा त्यातली निम्मीच कार्यक्षमता देतो आणि मोटार व कंट्रोलर मिळून ८५ टक्के, म्हणून एकंदर ४३ टक्के धरून बॅटरीतून १,६०० वॅट लागतात. हलला शेवाळ धरणे, पंख्यापुढचा कणा (हलच्या तळाला बाहेर आलेली मजबूत पट्टी), थोडे जास्तीचे वजन हे जमेस धरून २ किलोवॅट म्हणणे योग्य.

यानंतर वारा. उन्हाळ्यात दुपारनंतर उघड्या जलाशयावर जो वारा सुटतो, तो या हिशेबाची कसोटी पाहतो. समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा आला तर छत, खांब आणि प्रवासी मिळून सुमारे ८ चौरस मीटरच्या पुढच्या अंगावर २६ ते २७ किलोचा रेटा बसतो, म्हणजे पाण्याच्या विरोधाच्या जवळपास बरोबरीचा. तेवढ्याच वेगासाठी आता ३.२ किलोवॅट लागतात. मॉन्सूनपूर्व वादळात ५० किलोमीटरचा झोत आला तर वाऱ्याचाच रेटा १०० किलोपर्यंत जातो आणि नाव जागेवर धरून ठेवणे हेच काम होऊन बसते. म्हणून रोजच्या चालण्याला २ किलोवॅट पुरत असले तरी ५ किलोवॅटच्या दोन मोटारी घ्याव्यात. एक बंद पडली तरी दुसरी साध्या वाऱ्यात ८ किलोमीटरने काठाला आणते. दोन्ही मिळून वादळात तग धरतात. बाजूच्या ताडपत्र्या उन्हासाठी सोडलेल्या असतील तर वारा उठताच त्या गुंडाळल्या पाहिजेत, हा नियम चालकाच्या अंगवळणी पाडावा.

चौथी पायरी: पंखा आणि मोटार

संथ नावेला मोठ्या व्यासाचा, हळू फिरणारा पंखा लागतो. पंखा जितके जास्त पाणी हळुवार मागे ढकलेल तितकी वीज कमी वाया जाते. थोडे पाणी जोराने फेकले की तीच वीज फेसात आणि भोवऱ्यात जाते. पेट्रोलच्या आउटबोर्डवरचा लहान, जलद पंखा वेगवान हलक्या नावेसाठी बनलेला असतो आणि साडेचार टनांच्या नावेला तो बसत नाही. ३६ सेंटीमीटर व्यासाचा, मिनिटाला ६०० ते ८०० फेरे घेणारा पंखा प्रत्येक हलमागे एक, असा आराखडा करावा. त्याच्याखाली मजबूत कणा ठेवला की एकूण खोली ५५ सेंटीमीटर होते. धरणात बुडालेली झाडांची खोडे मे महिन्यात पाणी उतरले की पंख्याच्या उंचीला येतात. तेव्हा धक्का कण्याला बसावा, पंख्याला नव्हे.

मोटारीला थंड ठेवण्यासाठी बाहेरचे पाणी शोषणारी रचना टाळावी. जलपर्णीच्या मुळांनी आणि गाळाने ती तुंबते. हवेने किंवा पाण्यात बुडलेल्या आवरणातून थंड होणारी मोटार इथे जास्त काळ टिकते. पात्यांना मागे झुकलेला आकार दिला की वेली निसटतात, आणि डेकमध्ये पंख्याच्या थेट वर झाकण ठेवले की नावाडी पाण्यात न उतरता कोयत्याने जाळ्याचा दोर कापू शकतो. अर्थात मोटारीची वीज मुख्य स्विचने तोडल्याशिवाय ते झाकण उघडायचे नाही.

पाचवी पायरी: बॅटरी, सौर पॅनेल आणि जनरेटर

दिव्यांसाठी, पाणी उपसण्याच्या पंपासाठी, भोंग्यासाठी २०० वॅट धरले तर शांत दिवशी तासाला २.२ युनिट, आणि वाऱ्याच्या दुपारी ३.४ युनिट लागतात. दिवसाच्या ५ तासांसाठी सरासरी २.७ धरून साडेतेरा युनिट होतात. ५१.२ व्होल्टचे, २०० अँपिअर-तासांचे दोन स्वतंत्र लिथियम आयर्न फॉस्फेट संच घेतले तर २०.५ युनिट साठा होतो आणि त्यातले ८० टक्के, म्हणजे १६ युनिट, रोज वापरता येतात. शिसे-आम्लाची बॅटरी स्वस्त दिसते, पण तेवढ्याच वापरासाठी ती सुमारे एक टन भरते आणि आपला वजनाचा ताळेबंद तिथेच मोडतो.

दोन संच एकमेकांपासून पूर्ण वेगळे ठेवावेत: एक डाव्या हलमध्ये डाव्या मोटारीसाठी, दुसरा उजव्या हलमध्ये. प्रत्येकाला आपला बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारे नियंत्रक यंत्र), आपला फ्यूज, आपला मुख्य स्विच. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून शक्य तितका जवळ असावा, कारण फ्यूज आणि बॅटरी यांच्यामधली तार कोणीही वाचवत नाही. एका मोटारीसाठी १०० अँपिअर प्रवाह असल्याने तार जाड आणि कथिल चढवलेल्या तांब्याची घ्यावी.

इथे विदर्भाच्या उन्हाचा विचार वेगळा करावा लागतो. मेमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि उन्हात ठेवलेली फायबरची बंद पेटी त्याहून खूप तापते, तर बऱ्याच लिथियम संचांचे चार्जिंग ४५ ते ५५ अंशांच्या पुढे बीएमएस थांबवतो. म्हणजे ऐन उन्हात, पॅनेल सर्वांत जास्त वीज देत असताना, बॅटरी ती घ्यायला नकार देईल. हलच्या तळाशी, पाण्याच्या पातळीखाली, गळतीच्या पाण्यापासून १५ सेंटीमीटर वर फळीवर ठेवलेला संच पाण्याच्या गारव्यामुळे बराच थंड राहतो. त्याला तापमान पाहून चालू होणारा छोटा पंखा आणि दोन बाजूंनी हवेची वाट द्यावी.

छतावर ५५० वॅटचे ८ पॅनेल बसतात. चारच्या दोन ओळींना ९.१ बाय २.३ मीटर जागा लागते. हे ४.४ किलोवॅट निरभ्र दिवशी साधारण १५ युनिट देतात, पावसाळी ढगाळ दिवशी ४ ते ६. उन्हाळ्यात पॅनेल ७० अंशांपर्यंत तापले की त्यांची वीज १५ टक्क्यांहून अधिक घटते, म्हणून पॅनेल आणि छताच्या पत्र्यात किमान १० सेंटीमीटर हवा खेळती ठेवावी. पॅनेल सपाटच बसवावेत. तिरपे केल्याने मिळणारी वीज वाऱ्याच्या रेट्यात जाते. दोन-दोन पॅनेलची साखळी करून प्रत्येकीला १५० व्होल्टचा एमपीपीटी (पॅनेलची वीज बॅटरीला देणारा कंट्रोलर) द्यावा. तीन पॅनेलची साखळी केली तर डिसेंबरच्या गार सकाळी व्होल्टेज त्या मर्यादेपलीकडे जाऊन कंट्रोलर जळू शकतो.

आता हायब्रिडचा प्रश्न. एक मार्ग असा, की इंजिन आणि मोटार दोन्ही एकाच पंख्याला जोडावेत. दुसरा असा, की पंखा नेहमी मोटारच फिरवील आणि जनरेटर फक्त बॅटरी भरील. संथ नावेसाठी दुसरा मार्गच मला योग्य वाटतो. २ किलोवॅटच्या कामासाठी २५ एचपीचे डिझेल इंजिन चालवले तर ते जवळजवळ रिकामे फिरते, इंधन वाया घालवते आणि आतून काजळी धरते. छोटा जनरेटर मात्र ठरावीक भारावर, त्याला सोयीच्या फिरण्याच्या वेगावर चालतो. ५ केव्हीएचा डिझेल जनरेटर ३ किलोवॅट देत राहिला तर चार्जरमधली घट जाऊन २.७ किलोवॅट बॅटरीत येतात, आणि शांत पाण्यात ८ किलोमीटरने चालणारी नाव त्यापेक्षा कमी खाते. म्हणजे टाकीत डिझेल असेपर्यंत ही नाव थांबत नाही. हे समीकरण १२ किलोमीटरच्या वेगाला कधीच जुळले नसते; तिथे जनरेटर तिप्पट मोठा लागला असता.

जोडणी सोपी ठेवावी. प्रत्येक संचाला १.५ किलोवॅटचा एक चार्जर द्यावा. तेच चार्जर धक्क्यावरच्या विजेवरही चालतील आणि जनरेटरवरही. मध्ये घराघरांत असतो तसा चेंजओव्हर स्विच. दोन्ही मिळून ३ किलोवॅटचा भार गावातल्या साध्या सिंगल फेज जोडणीवर, पुरेसे व्होल्टेज असताना, १५ अँपिअरच्या आत चालतो आणि रात्रीच्या ४ तासांत ११ युनिट भरतात. गावात व्होल्टेज बरेच खाली उतरते, म्हणून १६० व्होल्टपासून चालणारा चार्जर शोधून घ्यावा. डीपी जळली आणि चार दिवस वीज आली नाही, तर पावसाळी दिवसाचे ५ युनिट आणि ३ तास जनरेटरचे ८ युनिट यांवर रोजचे वेळापत्रक जवळपास पूर्ण होते.

जनरेटर डेकवर, मागच्या बाजूला, उघड्या हवेत ठेवावा. इंधन आणि बॅटरी एका कप्प्यात कधीही ठेवू नयेत.

सहावी पायरी: धक्का, परवानगी आणि चाचणी

ऑक्टोबरमध्ये काठोकाठ भरलेला जलाशय मेपर्यंत कित्येक मीटर उतरतो आणि मंद उताराच्या काठावर पाणी शेकडो मीटर मागे सरकते. त्यामुळे पक्का धक्का वर्षातले थोडेच महिने उपयोगी पडतो. पिंपांवर तरंगणारा, साखळीने सरकवता येणारा धक्का आणि त्याबरोबर वाढणारी चार्जिंगची केबल यांची तरतूद आराखड्यातच करावी. सुटी केबल पाण्यावरून नेणे जिवावर बेतू शकते, म्हणून धक्क्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.

यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या नावेला अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू होतो. नोंदणी आणि सर्वेक्षणाचे प्रमाणपत्र घेतल्याशिवाय प्रवासी चढवू नयेत. हल बांधून झाल्यावर सर्वेक्षकाला बोलावण्याऐवजी आराखडा कागदावर असतानाच त्याला दाखवावा, म्हणजे कप्पे, कठड्याची उंची, अग्निशामकांची जागा यांतले बदल पेन्सिलने होतात. जलसंपदा विभागाची परवानगी आणि मासेमारी सहकारी संस्थेशी मार्ग ठरवणे हीही त्याच वेळची कामे आहेत. विद्युत नाव आवाज न करता येते, त्यामुळे डोंग्यातून जाळे ओढणाऱ्याला ती उशिरा कळते. मार्ग आधी ठरलेला असावा आणि वळणावर भोंगा वाजवण्याची सवय असावी.

चाचणीच्या दिवशी पूर्ण भाराच्या गोण्या घेऊन ५ ते १० किलोमीटरपर्यंत प्रत्येक वेगाला दोन्ही दिशांनी वॅट मोजावेत आणि ते तक्त्याच्या रूपाने चालकासमोर चिकटवावेत. मग एक मोटार बंद करून, मग एक बॅटरी संच तोडून, मग फक्त जनरेटरवर चालवून पाहावे. तिसऱ्या पायरीतल्या हिशेबापेक्षा ८ किलोमीटरला लागणारी वीज पाचव्या हिश्शाहून जास्त आली, तर आधी नावेचे वजन तपासावे, मग पंख्याचा पिच (पात्यांचा पीळ). हल बहुधा निर्दोष असतो. कंट्रोलरमध्ये रोजच्या चालण्यासाठी ३.५ किलोवॅटची मर्यादा घालावी आणि वादळासाठी पूर्ण शक्तीचे वेगळे, झाकण असलेले बटण द्यावे.

पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडायचे असतील त्या काळात नाव सांडव्यापासून दूर, आतल्या खाडीसारख्या भागात दोन नांगरांवर ठेवावी, बॅटरी ५० ते ६० टक्के भरलेली असावी, आणि मुख्य स्विच बंद करताना पाणी उपसणाऱ्या पंपाची तार त्या स्विचच्या आधी, स्वतःच्या फ्यूजसह जोडलेली आहे ना, हे हाताने तपासून मगच काठावर यावे.